भेव विचारणारे सर

पिच्चरवाले सर कुणालाबी भेटले की रामराम न्हाई, पाणी न्हाई, पयलं विचारायचे, "तुम्हाला भीती कशाची वाटते?" माझ्या सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणल्या, "ह्या सुनेची!" सगळे हसले. सर न्हाई हसले, खरंच हाय असं समजून मान हलवली.

गेल्या साली लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्यानंतरचा ह्यो उन्हाळा. देवणीकडं आमच्या गावात हिरी आटल्या, टँकर कवा येईल ते बघून राहिलो होतो, आन् सरांना असंच उजाड गाव पायजे होतं. एका पुस्तकाचा पिच्चर करून राहिले होते. मी सातवी शिकलेली, दोन पानं वाचली, कायबी कळलं न्हाई. एक माणूस घरात बसून भिऊन राहिलाय, बस. कशाला भितो ते लिहिलंच न्हाई! सर म्हणायचे, "ताई, ह्यात गोष्टच नाही, नुसती भीती आहे. ती दाखवू कशी?" असं बोलता बोलता भाकर तशीच ऱ्हायची ताटात.

मंग मलाबी विचारलं. लेकरू मांडीवर, मी बोलून गेले, "रिकामा पाळणा हलला की भेव वाटतं, सर. लेकराला बाधतं."

सर ताटावरून उठले. "हेच, ताई! हेच!"

दुसऱ्या दिवशी कॅमेरा आमच्या ओसरीत आन् पाळणा माझाच. मी आडवी आले. म्हणलं, बारशाला ठिवतो तसा वरवंटा तरी ठिवा आत.

"ओझं असलं की पाळणा वेगळा हलतो, ताई. ते दिसतं." लई गोड बोलायचे, पण ऐकायचे न्हाईत.

सासूबाई म्हणल्या, "पाळणा ज्याचा, बाधा त्याच्या घराला. तुमच्या घरी लेकरू हाय का, साहेब?"

"नाही."

"मंग पाळणा आजपासून तुमचा. घिऊन जावा."

मी लेकराला छातीशी धरून भिताडाआड बसले. रिकामा पाळणा करकर, करकर. वाकून बघितलं तर सर स्वतः दोरी ओढून राहिले होते आन् डोळे घट्ट मिटून घेतले होते. मला वाटलं, उन्हानं.

निघताना पाळणा जीपच्या टपावर बांधला. ड्रायव्हर दारात पाणी पिता पिता म्हणला, "बरं झालं वैनी, साहेबांच्या पोरीला पाळणा झाला. महिन्याची बी न्हाई अजून."

मी पळत गेले. "सर! न्हाई म्हणला होतात ना वो!" सरांनी टपावरच्या पाळण्याची गाठ वढून बघितली. ड्रायव्हरला म्हणले, "चला."

पिच्चर आला का न्हाई, ठाव न्हाई. माझं लेकरू आता रांगून राहिलंय. रोज दिवेलागणीला त्याची दिष्ट काढते, तवा मीठ-मोहऱ्या दोन मुठी घेते. दुसरी त्या पोरीची. तिचं नाव ठाव न्हाई, म्हून नुसतं 'बाई, बाई' म्हणते आन् चुलीत टाकते.