स्कूटरच्या सीटवरचा युरोप

आमच्या रांझीच्या कॉलनीत युरोपीय संघाची काळजी वाहणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. रोज सकाळी मी ऑफिसला निघालो की माझ्या स्कूटरच्या धुळकट सीटवर तो बोटाने सत्तावीस देशांचा नकाशा काढतो. नकाशा म्हणजे चार रेघा आणि एक बटाटा.

"देखो जी, आपसातल्या सीमा उघडल्या, चांगलं केलं. आता बाहेरच्या लोकाइले घाबरून पुन्हा नाके बसवून राहिले. अरे, तिथं म्हातारेच म्हातारे उरले! काम कोण करणार? माणसं पाहिजेत, पण दारातून आत नको. काहून? डरपोक लोग!" एवढं बोलून तो तळहाताने सीट पुसतो. युरोप संपला.

कॉलनीच्या मागच्या फाटकाला याच माणसाने कुलूप लावलं. मागच्या वस्तीतली माणसं आमच्या रस्त्याने जातात, हे त्याला खपेना. त्याच वस्तीतून त्याच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई आता मोठ्या रस्त्याने वळसा घालून येतात. काल त्या धापा टाकत आल्या, तर हा दारात घड्याळ बघत उभा. "फिर लेट! अशानं घर कसं चालन?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हेल्मेट घातलं आणि स्कूटरला किल्ली लावली. त्याच जुडग्यात फाटकाच्या कुलपाचीही किल्ली आहे. त्याने घरोघरी वाटली, तेव्हा मी थँक्यू म्हणून घेतली होती.