वरंधचा वाटसरू

आमच्या ह्यांना गणिताची प्रश्नपत्रिका काढायची असली की पाय चवदार तळ्याकडे वळायचे. चिंतामणी सर म्हणजे महाडच्या शाळेतलं मोठं प्रस्थ, पण संध्याकाळी तळ्याकाठी पाहाल तर स्वप्नात चालल्यासारखे. एका फेरीला एक प्रश्न. पाण्यात दिवे थरथरायला लागले की म्हणायचे, "विनोदिनी, प्रश्न वाचून मुलाला परकं वाटता कामा नये." म्हणून ह्यांच्या पेपरात मुंबईची आगगाडी नसायची, आपल्याच गावांची नावं असायची. ह्याचा ह्यांना केवढा अभिमान!

सत्त्याण्णव साली नववीच्या वार्षिक पेपरात ह्यांनी घातलं: वाटसरू वरंधहून बारा किलोमीटर घाट चढून जातो, त्याच वाटेने परत येतो, वेग ताशी चार किलोमीटर, तर एकूण वेळ किती? उत्तर सहा तास. वरंधच्या अनुपमाने लिहिलं, चढायला चार, उतरायला अडीच, एकूण साडेसहा. ह्यांनी चारपैकी शून्य दिलं आणि बेरीज आली तेहेतीस. पासाला पस्तीस लागत. मुलगी नापास झाली तर शाळा बंद, असं तिचा बाप भागोजी ह्यांना आधीच सांगून गेला होता.

त्या दिवशी ह्यांना जेवण गेलं नाही. मला रागच आला. म्हटलं, एवढी चुटपुट लागली आहे तर जा आणि चालून बघा.

रविवारी पहिल्या एसटीने आम्ही दोघं वरंधला उतरलो. दरीत धुकट उजेड होता, करवंदाचा वास होता, आणि मला वाटलं, आपण ह्यांच्या प्रश्नातूनच चाललो आहोत. हे घड्याळ बघत, मी धापा टाकत. चढायला चार तास दहा मिनिटं लागली. त्यातली दहा माझ्या करवंदांची. उतरायला अडीच. असं उत्तर लिहिणाऱ्या प्रत्येकाला गुण द्यायचे, हे उतरतानाच ह्यांनी ठरवलं.

भागोजीच्या ओटीवर अनुपमाने पाण्याचा तांब्या पुढे केला. हे म्हणाले, पोरी, प्रश्न माझाच चुकला.

ती खाली बघत म्हणाली, "सर, सहा मलापण येत व्हतं. पण तुम्ही वरंध लिवलंत. आमचा घाट तसा नाय."

मला ह्यांची फार माया आली. मग पिशवीतून तिचा पेपर काढून त्यांनी शून्यावर लाल रेघ मारली, चार लिहिले आणि खाली सदतीस.

भागोजी खांबाला टेकून सगळं बघत होता. त्याने एवढंच विचारलं, "सर, जूनला शाळा कधी उघडते?"