एका माशाची तीन नावं

डोहात मासेमारी बंद करावी, ही शिफारस आमच्याच रिपोर्टात होती. त्यामुळे शरणप्पा समोर येऊन बसले तेव्हा मी आधी चहा मागवला. अफजलपूरच्या खाली भीमेत मोठा डोह आहे, तिथल्या मासेमारांचे ते मुखिया.

"अक्का, कॅमेरा सोडायला होडी आमीच दिलोत," ते म्हणाले. "आता आमचंच पानी बंद करायलाव. कामून?"

मी समजावून सांगितलं. उन्हाळ्यात गाळ खाली बसतो, तेव्हा आम्ही वॉटरप्रूफ पेट्यांत कॅमेरे घालून डोहात सोडले होते. व्हिडिओतले मासे ओळखायचं काम कॉम्प्युटरचं. त्याला आधी शिकवावं लागतं. फोटोतल्या माशाभोवती चौकट ओढायची, नाव टाइप करायचं, याला लेबलिंग म्हणतात. लहान पोराला चिऊ-काऊ दाखवतो तसंच, फक्त कॉम्प्युटर उलटून प्रश्न विचारत नाही. त्याने ओळखलेल्या माशांपैकी तीन प्रकार फार विरळ निघाले, म्हणून बंदी.

ते भांडायला आलेच नव्हते. डोह बंद झाला तर बायकापोरांसकट पुण्याला बांधकामावर जायचं ठरलं होतं. जाण्याआधी एकदा विचारावं, एवढंच. ते उठून गेले आणि मला फार वाईट वाटलं. मग त्या विरळ माशांचे व्हिडिओ पुन्हा बघायला घेतले.

एक लांबट मासा डावीकडून आला. चौकटीवर नाव उमटलं, मरळ. मध्ये त्याने अंग वळवलं आणि तो मुरेल झाला. दगडाआड जाताना कोरमीन. व्हिडिओ मागे घेऊन पाहिला. मासा तोच.

लेबलिंग आमच्या बसवकल्याणच्या ऑफिसातल्या तीन मुलींनी केलं होतं. दुबलगुंडीची सुरेखा मरळ म्हणते. नसरीनच्या घरी दखनी उर्दू, तिचा तो मुरेल. औरादकडच्या पद्मजाचा तेलुगूतला कोरमीन. नावांची यादी आम्ही सगळ्यांनी तपासली होती. खटकलं कुणालाच नाही, कारण आमच्याकडे तिन्ही शब्द रोजच्या तोंडातले, एकही परका वाटला नाही. एका माशाचे तीन वाटे झाले आणि प्रत्येक वाटा विरळ दिसला.

बंगळूरला आमच्या प्रकल्पप्रमुख सरांना फोन लावला. रिपोर्ट मत्स्य खात्याकडे गेलाय, आता दुरुस्ती पाठवली तर आपलं हसं होईल, पुढच्या वर्षी बघू, असं त्यांचं म्हणणं.

"सर, पाठवली तर आपलं हसं होईल, नाही पाठवली तर त्यांचं गाव सुटेल," मी म्हणाले. "माझ्या एकटीच्या नावाने पाठवा."

ते म्हणाले, "दोघांच्या नावाने पाठवू."

तिन्ही नावं एक करून पुन्हा मोजणी झाली. मासा चांगला भरपूर निघाला आणि बंदी बारगळली. तेव्हापासून मशीनची अचूकता मी नंतर विचारते. आधी विचारते, लेबलं लावणारे घरी काय बोलतात.

बातमी द्यायला मी डोहावर गेले. मशीन आता या माशाला काय म्हणतं, शरणप्पांनी विचारलं. पुन्हा घोळ नको म्हणून आम्ही शास्त्रीय नाव घातलं होतं, चन्ना.

"चना?" त्यांनी जाळं झटकलं. हसू काही आवरेना. "चना म्हना, न्हाई तर काय बी म्हना, अक्का. हाय म्हना, बास."