आधी मीटर, मंग हात

टेंभुर्णीहून निघालो तेव्हा बाप स्टँडवर आला नाही. गॅरेजच्या दारातूनच म्हणाला, "आठवीत शाळा सोडली तव्हा म्या काही बोललो न्हाई. आता लेकरांचा बाप झाला आन् शाळेत चाल्ला व्हय?" संगीता, माझी बायको, हसली. मला हसू आलं नाही. तमिळनाडूतल्या होसूरपर्यंत दीड दिवस एकच धास्ती होती, कोणी शिक्षण विचारलं तर काय सांगायचं.

मी का गेलो ते गावाला माहीत आहे, पण माझ्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. पेट्रोलची गाडी बंद पडली की आपला मिस्तरी वायरला वायर टेकवून ठिणगी बघतो. वीस वर्षं मी तेच केलं. उपकेंद्रातल्या नर्स वंदनाताईंची इलेक्ट्रिक स्कूटर बंद पडली. तिचं काम येणारा मिस्तरी फक्त जालन्यात, आणि त्यानं महिनाभरानंतर या म्हणून सांगितलेलं. ताईंनी गाडी माझ्याकडे आणली. मी सवयीनं वायर टेकवली. फट् आवाज झाला आणि मोटरला बॅटरीचा करंट बेतानं देणारा कंट्रोलर जळून गेला. पुढचे दोन महिने ताई लसींची पेटी खांद्याला अडकवून बसची वाट बघत गावोगाव फिरल्या.

त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला कुणी शिकवलंच न्हाई. गावात अशा गाड्या येऊन राह्यल्या. शिका, न्हाई तर समद्या जाळत बसा." होसूरच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीतल्या ट्रेनिंगचा फॉर्म इंग्रजीत होता. तो त्यांनीच भरला.

होसूरला शिकवणाऱ्या कयल मॅडम माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी मी वायर उचलली, तर त्यांनी मनगट धरलं. "अण्णा, पहले मीटर, फिर हाथ." म्हणजे आधी मीटर लावून करंट आहे का बघायचं, मगच हात लावायचा. शिक्षण कोणीच विचारलं नाही. तरी परीक्षेत एकदा नापास झालो, दुसऱ्यांदा पास झालो आणि त्याच कंपनीत तात्पुरता कामाला लागलो.

गावात माझी नखं कधी स्वच्छ नव्हती. इथं रबरी हातमोजे, लॅपटॉप, त्यावर गाडीचा बिघाड सांगणारे फॉल्ट कोड. व्हिडिओ कॉलवर संगीता विचारते, "काम करता का नुसते बसता?" भाकरीची आठवण आली की डोसा खातो.

आता कंपनी कायम करते म्हणते, शिकलेली माणसंच मिळत नाहीत म्हणून. सुपरवायझर म्हणतो, परत गेलास तर गावाकडं पार्ट कोण देणार? खरं आहे. पण रोज संध्याकाळी आमच्या भागातून, जाफराबादचा नाही तर भोकरदनचा, फोन असतो. "दादा, बॅटरीची रिक्षा नुसती हूं करून राह्यली, जागची हालंना." मी सांगतो, चावी काढ, काही उघडू नको. फोनवरून दुसरं काय सांगणार?

परवा बापाला सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल पक्की नोकरी सोडू नको. पण तो म्हणाला, "तीन गाड्या लावून गेलेत लोक. तू येस्तोवर कुणालाच हात लावू देणार न्हाई म्या."

सुपरवायझरला सांगितलं, पोळ्याला निघतो. पार्ट वेळेवर येतील का, एकट्याला झेपेल का, काळजी आहेच. पण माझी चूक इथं कोणाला ठाऊक नाही. गावात ती सगळ्यांना पाठ आहे, आणि तरी गाड्या माझ्याच दारात उभ्या आहेत. मी त्यालाच घर म्हणतो.