कुमुदला तिचं आयुष्य सांगताना

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढून माझ्या बायकोसमोर, कुमुदसमोर धरलं आणि विचारलं, "बाई, हे काय आहे?"

कुमुद पेनाकडे बघून हसली. म्हणाली, "तेच."

त्यांनी घड्याळ दाखवलं. "तेच." मग माझ्याकडे बोट करून विचारलं, "आणि हे कोण?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत ओळख स्पष्ट होती. ओठ हलले, थांबले. "तेच," असं म्हणून ती रडायला लागली.

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. "याला अफेजिया म्हणतात. मेंदूचा जो भाग भाषा सांभाळतो, त्याचा रक्तपुरवठा तुटलाय. त्यांना वेड लागलेलं नाही. माणसं ओळखतात, बरंचसं समजतंय. फक्त शब्द सापडत नाहीत. उजव्या हातातली ताकदही पुरती परत येईल, असं मी सांगू शकत नाही."

दोन दिवसांपूर्वी सकाळी पोहे परतताना तिच्या हातातला झारा पडला होता. "लक्ष कुठाय गं?" मी पेपरामागून म्हणालो. ती भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं, चक्कर. साखरपाणी दिलं, पंखा लावला, झोपवलं. संध्याकाळी तोंड वाकडं दिसलं तेव्हा कुठे हॉस्पिटल गाठलं. तुमच्या घरी कोणाचा हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर साखरपाणी देत बसू नका. तो एक दिवस मी आजही परत मागतो.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमच्या मुलुंडला तेव्हा सीटी स्कॅन नव्हता. टॅक्सीत आडवं घालून तिला शहरात नेलं. सीटी स्कॅन म्हणजे डोक्याचे एकावर एक काप घेतल्यासारखे एक्स-रे. बाहेरच्या बाकावर आमची मुलगी शुभा माझा हात धरून बसली होती. फोटोत कुमुदच्या मेंदूच्या डाव्या बाजूला एक काळसर डाग होता. तेवढ्याशा डागात एका बाईची सगळी भाषा गेली, हे मला पटेना.

तीन आठवड्यांनी घरी आणलं. हॉस्पिटलात एक स्पीच थेरपिस्ट होत्या, म्हणजे गेलेली वाचा पुन्हा शिकवणाऱ्या. वयानं शुभाएवढ्याच. मी पहिलीचं पुस्तक घेऊन गेलो तर म्हणाल्या, "काका, हे नको. काकूंना लाज वाटते. त्यांचंच आयुष्य त्यांना सांगा. रोज थोडं, क्रमानं. मधे थांबा, शब्द त्यांना भरू द्या."

म्हणून मी रोज दुपारी सांगायला बसू लागलो. टपाल खात्यात आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं लावली, पण बोलण्यात मी कच्चाच. बोलण्याचं खातं कुमुदचं होतं.

"तू मालवणात बालवाडी चालवायचीस. मुलं तुला म्हणायची...?" मी थांबायचो. ती कपाळाला आठ्या घालायची. "तेच."

लग्न करून मुलुंडला आली आणि भांडुपच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. पुढे टायपिंग शिकली, पाच रस्त्याजवळच्या क्लासात तेच शिकवायला लागली. वकिलांचे कागद टाइप केले. शेवटी शाळेच्या लायब्ररीत रमली. चाळिशीत पदर खोचून सायकल शिकली, पडली, गुडघा फोडून हसत घरी आली. गणपतीत बायकांच्या कॅरमला तिच्यासमोर बसायला कोणी तयार नसे. हे सांगताना ती डाव्या हाताच्या बोटानं चादरीवर टिचकी मारायची. मी समोर हसायचो आणि मोरीत जाऊन तोंड धुवायचो.

एका दुपारी मी कारखान्यापर्यंत आलो. "मग ती नोकरी सोडलीस. मग शुभा झाली."

कुमुदनं डाव्या हातानं पलंगावर थाप मारली. "नाही."

आजारपणानंतरचा तो तिचा पहिला नवा शब्द. शुभा स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा, आई बोलली!"

मला आनंद झाला नाही. ती कशाला नाही म्हणाली, ते मला कळलं होतं.

शुभाच्या आधी आम्हाला एक मुलगी होती. वंदना. दीड वर्षांची असताना घटसर्पानं गेली. कुमुद माहेरी गेली असताना मी तिचे कपडे, खेळणी, एकुलता एक फोटो, सगळं घराबाहेर काढलं. समोर नसलं की विसरेल, असं मला वाटलं. परत आल्यावर तिनं काही विचारलं नाही. त्यानंतर चोवीस वर्षं आम्ही ते नाव घेतलं नव्हतं. शुभाला तर काहीच ठाऊक नव्हतं.

"मग शुभा..." मी पुन्हा म्हणालो.

"नाही. नाही."

"मग वंदू झाली," मी म्हणालो.

कुमुदचा चेहरा वितळला. तिनं ओठ जुळवले, दोनदा चुकली. मग स्वच्छ म्हणाली, "वंदू."

शुभा दारात उभी होती. "बाबा, वंदू कोण?"

मी सांगितलं. कपड्यांचंही सांगितलं. "कुमुद, मी चुकलो गं," म्हणालो. तिनं पलंगाखालच्या ट्रंकेकडे बोट केलं. शुभानं साड्या उपसल्या. तळाच्या कागदाखाली एक पिवळं झबलं निघालं, घडीवर विटलेलं. मी सगळं टाकलं त्याच्या आधीच तिनं ते लपवलं होतं. मला एका शब्दानं न दुखवता ती चोवीस वर्षं एकटी रडली होती. आणि ती विसरली म्हणून मी निर्धास्त होतो.

त्या दिवसापासून आमच्या घरात वंदूचं बोलणं सुरू झालं. कुमुदला मोजके शब्द परत मिळाले. "अहो", "चहा", "शुभा", "वंदू". शुभा आईच्या उशाशी बसून विचारायची, "ती माझ्यासारखी दिसायची?" कुमुद मान हलवायची, हातानं दाखवायची, अडायची, चिडायची. पण सांगायची.

अकरा महिन्यांनी दुसरा झटका आला. या वेळी आम्ही वेळ घालवला नाही. तरी उपयोग झाला नाही. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता त्यांना त्रास होत नाहीये. जवळ बसा." आम्ही बसलो. मी सांगत राहिलो, मालवणपासून. ती ऐकत होती की नाही, माहीत नाही.

त्या थेरपिस्ट बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्यामुळे मला बायकोशी बोलता आलं, उशिरा का होईना. तुमच्या घरात असा आजारी माणूस असेल तर त्याच्याशी बोला. त्याला सोसणार नाही, असं वाटतं तेही बोला. बहुतेक वेळा ते आपल्याला सोसणार नसतं.

परवा बँकेच्या रांगेत एका गृहस्थांनी सहज विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

"दोन मुली," मी म्हणालो. "थोरलीचं नाव वंदना."