कुरळ्या घोडीचं शिंगरू

त्या सकाळी आम्ही दोघांनी शिंगराला पाजलं. शिंगरू म्हणजे आमच्या कुरळ्या घोडीला गाढवापासून झालेलं खेचराचं पिल्लू, आठवड्याचं. अंगावर आईसारखेच बारीक कुरळे केस. बाजारात लोक घोडीला हसायचे. "मेंढी शे का घोडी?" हसोत. तिच्यावर बसून मी प्रकाशा गावाहून घरी आलो तर पोटातलं पाणी हलायचं नाही. तिची आधीची खेचरं धडगावच्या घाटात मिठाच्या गोण्या वाहत होती.

या खेपेला मात्र ती पिल्लाला जवळ येऊ देईना. लाथा मारायची. मग बायको तिच्या तोंडाशी उभी राहायची, बोटं ओली करून आयाळीच्या गाठी सोडवायची, खालून वर. कुरळ्या केसात खरारा घातला की केस तुटतात, घोडी पेटते. बोटंच लागतात. बोटं चालू तोवर घोडी डोळे मिटून उभी, तेवढ्यात मी शिंगरू सडाला लावायचो.

त्या दिवशी मला घाई होती. घोडी जागची हलू नये म्हणून मी तिचं नाक पिळायची दोरी काढली.

"तिन्हं नाक कशाले पिळतस? तुम्हन्या मिश्या पिळा," बायको म्हणाली.

"घोडीसंगे तू बी येडी शे."

"म्हनीसनच तुम्हना घरमा टिकनू."

मी दोरी परत खुंटीला टांगली. दुपारी बायको तबेल्याच्या भिंतीला टेकून बसली होती. मी हाक मारली. परत मारली. ती गेली होती.

आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून अग्नी मीच दिला. तापीवर डोक्याचे केस, मिशी, सगळं काढलं. दिवस बुडायच्या आत उरकलं. शेजारणीनं शिंगराला गाईचं दूध बोळ्यानं पाजलं, अर्धं सांडलं. घर माणसांनी भरलं होतं. मला त्यातलं कोणी नको होतं.

दुसऱ्या सकाळी तबेल्यात गेलो. शिंगरू कान पाडून पडलेलं. उठवलं तर पाय थरथरले. घोडीचे सड तटतटलेले, पण पिल्लू जवळ नेलं की लाथ. मला तर तिनं ओळखलंच नाही. माझ्या बोडक्या डोक्याकडं बघून फुरफुरली, मागं सरली.

बायकोचा भाऊ दारात उभा होता. "दाजी, नाक पिळा नि मोकळे व्हा. शिंगरू मरी जाई."

दोरी हातात घेतली. सवयीनं दुसरा हात मिशीवर गेला. तिथं काहीच नव्हतं.

दोरी खाली टाकली. बादलीत बोटं बुडवली. माझी बोटं जाड, असलं काम कधी केलेलं नाही. पहिलीच गाठ ओढली गेली, घोडीनं मान झटकली. मग हळू, खालून वर. मेव्हण्याला म्हटलं, "शिंगरू तू लाव."

घोडीनं मागचा पाय उचलला. मी बोटं थांबवली नाहीत. पाय तसाच थोडा वेळ अधांतरी राहिला, मग टेकला. चुकचुक आवाज यायला लागला.

शिंगराचं पोट भरलं. मेव्हणा म्हणाला, "चला दाजी, घरमा लोक बसेल शेतस."

"बसू दे," म्हटलं.

खांद्याकडची अर्धी आयाळ आदल्या दिवशी तिनं मोकळी केली होती. उरलेली मी करत राहिलो.