रोज सकाळी सात वाजता शालनताई

त्या सकाळी सात वाजले, साडेसात झाले, तरी शालनताईंचं रेकॉर्डिंग आलं नाही. आठच्या सुमाराला ग्रुपवर त्यांच्या भाच्याचा, नितीनचा मेसेज आला... मावशी पहाटे गेली. पाच मिनिटांत आम्ही चाळीस विद्यार्थ्यांनी श्रद्धांजली वाहून टाकली. समई, पांढरं कमळ, जोडलेले हात. सगळ्यांचं एकच चित्र, कुठून कुठून आलेलं. मीही तेच पुढे ढकललं. लाज तेव्हाच वाटायला हवी होती, ती तासाभराने वाटली.

बालवाडीतून निवृत्त झाल्यावर माधवनगरच्या दोन खोल्यांतून ताईंनी फोनवर कथाकथनाचा वर्ग काढला. रविवारी सगळे पडद्यावर समोरासमोर, आणि रोज सकाळी सातला त्यांचं तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग. काल कुणाची गोष्ट रंगली, कुणाची फसली, आज काय करायचं, आणि शेवटी त्यांनी स्वतः काल पाहिलेलं काहीतरी. हळदीच्या पोत्यावर झोपलेला हमाल, सिटी बसमध्ये पिशवीतून कोंबडी नेणारी नवरी. सुविचार कधीच नाही. दुसऱ्याचं आलेलं पुढे पाठवलं की त्या माणसाला ग्रुपबाहेर काढायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगितल्याशिवाय आत घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. मी तोंडाने फटकळ, म्हणून काढायचं काम माझ्याकडे दिलं होतं.

मी मूळची आटपाडीकडची, मेंढरांमागे वाढलेली, लग्नानंतर मलकापूरला आले. पहिल्या रविवारी मी नेटवरून पाठ केलेली राजकन्येची गोष्ट अगदी पुस्तकी भाषेत म्हणून दाखवली. ताईंनी ती पूर्ण ऐकली आणि विचारलं, "राजकन्या कवा बघितलीस? मेंढरू बघितलंयस न्हवं? मग त्येचं सांग की." मला राग आला होता. त्याच रागात मी कळपातल्या आंधळ्या मेंढीचं सांगितलं, आमच्या बोलीत, आणि जन्मात पहिल्यांदा माझं बोलणं लोकांनी गप्प बसून ऐकलं. एका बाईंनी नंतर लिहिलं, की हे जरा अडाणी वाटतं. दुसऱ्या दिवशी सातला ताईंनी माझीच गोष्ट माझ्याच शब्दांत अख्ख्या वर्गाला सांगितली. पुढे दम्याने त्यांचा आवाज घोगरा झाला, तेव्हा काहींनी लिहूनच पाठवा असं सुचवलं. धाप लागते तीही ऐका, म्हणाल्या.

तर तासाभराने मी सगळ्यांना बाहेर काढलं. माझ्याखेरीज एकोणचाळीसच्या एकोणचाळीस, आणि नितीनलाही, कारण त्यानेही नंतर तेच कमळ लावलं होतं. स्वतःला काढलं असतं तर बाकीच्यांना आत घ्यायला कुणी उरलं नसतं, म्हणून त्या रिकाम्या ग्रुपमध्ये मी आधी माझं पाहिलेलं सांगितलं. लोकांनी मला काय काय ऐकवलं... हिला काळीज नाही, गेलेल्या माणसाचा तरी मान ठेवायचा. ताईंचा मान त्या चित्रात असेल तर तो मला ठेवायचा नव्हता, आजही नाही.

नितीनचा फोन आला तो चिडूनच. ग्रुप कायमचा बंद करा म्हणाला.

"बंद न्हाई हुणार," मी म्हणाले. "तुमी काय बघितलं त्ये सांगा, मी आत घेते."

तो म्हणाला, "पहाटे ती ऑक्सिजनचा मास्क सारून रेकॉर्डिंग करत होती, काकू. धाप लागेल म्हणून मीच फोन काढून घेतला. तासाभरात गेली."

तो रडत होता. मीही रडले, आणि मग त्याला आत घेतलं.

बाकीचेही एकेक करून आले. नऊजण आलेच नाहीत, नसू देत. आता रोज सातला एकेकाची पाळी असते, आणि मागच्या आठवड्यात मी नितीनची लावली. जमणार नाही म्हणाला, तरी सातला रेकॉर्डिंग आलं, ताईंच्या खोलीतून केलेलं. तो चाचरत सुरुवात करतो, तेवढ्यात दार वाजतं. शेजारच्या आक्का. त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. "भिंतीपल्याड रोज ऐकत हुते रं मी. महिना झाला, काय सुदीक आवाज न्हाई. बंद केलंसा व्हय?"

"न्हाई, आक्का," नितीन म्हणतो. "बसा." आणि तो सांगायला लागतो.